दुसरी डबी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१० मार्च १९९७

चि. अमरेश यास,

तुझा पत्ता केरबाकडून मिळाला. तो देत नव्हता. म्हणाला, "वैनी, तुमास्नी दिला तर अमऱ्या माझं टाळकं फोडंल." मी म्हटलं, फोडू दे, आत काही असलं तर दिसेल. तेव्हा त्यानं पावतीच्या मागं लिहून दिला.

हे गेल्यापासून दुकान मी चालवते आहे. सरकी-पेंडीच्या वासानं पहिले काही दिवस डोकं धरायचं, आता धरत नाही. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा वाचते. यांच्या नावाचं वाचनालयाचं कार्ड मी बंद केलेलं नाही. तिथले गुरव मास्तर कार्डावरचं नाव बघतात आणि पुस्तक देतात.

तुझी सायकल माळ्यावर ठेवली. टायरांना पाणंदीची माती आहे तशीच आहे.

तुझं इष्टलिंग देवघरात आहे. यांच्या गळ्यात लिंगाच्या दोन डब्या सापडल्या. यांची यांच्याबरोबर मातीत गेली. तुझी अव्वांनी धुऊन ठेवली आणि तू ती न घेताच धारवाडला गेलास. इष्टलिंग अंगावेगळं करायचं नसतं हे तुला सांगायला नको. त्या एका पावसाळ्यात पोहताना दोरा तुटला आणि डबी नदीत जाता जाता तुझ्या हाताला लागली. तेव्हापासून पाण्यात उतरण्याआधी तू ती अण्णाच्या गळ्यात घालायचास आणि बाहेर आलास की मान वाकवून परत घ्यायचास. अव्वांना हे आपण तिघांनी कधी कळू दिलं नाही. आता सगळ्या पेठेला माहीत आहे की शर्यतीत पाण्यातून निघून सायकलवर बसायच्या घाईत तू डबी विसरलास, ती द्यायला अण्णा गाडी घेऊन तुझ्या मागं गेला आणि केर्लीच्या फाट्यावर उसाच्या ट्रॉलीखाली आला.

अव्वा त्या दिवशी सगळ्यांसमोर तुला बोलल्या. "धाकटा विसरला आणि थोरला मेला," म्हणाल्या. गेलेला पोटचा मुलगा मातीसाठी समोर बसवलेला होता, त्या बाईच्या बोलण्याला काय धरायचं. तू धरू नकोस.

मला आज यापुढं लिहवत नाही. जेवत जा.

तुझी,
शिवलीलावैनी


मंगळवार पेठ
२ सप्टेंबर २००३

चि. अमरेश,

अव्वांना माती देऊन आज आठ दिवस झाले. तू आलास हे बरं केलंस. सगळ्यांच्या मागं उभा राहिलास आणि माती लोटून झाल्यावर तसाच स्टँडवर गेलास, ते मी बघितलं. पाहुणे म्हणाले, धाकटा चहालासुद्धा थांबला नाही. मी म्हटलं, त्याची शाळा आहे, तो खेळाचा मास्तर आहे, पोरं मैदानात उभी असतात. खरं काय ते तुला आणि मला ठाऊक.

तुला द्यायला म्हणून एक वस्तू पदराखाली धरून मी तिथं उभी होते. दिली नाही. काय ते तू ओळखशील.

शेवटच्या आठवड्यात अव्वा तुझंच नाव घेत होत्या. पायाचा आवाज झाला की विचारायच्या, "अमरू आला काय?" एकदा दुपारी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "शिवलीला, मी लई बोलले त्येला. पर तसंच झालतं न्हवं?" मी त्यांना औषध पाजलं, पाठीखालची उशी सारखी केली आणि पडा म्हटलं. एवढंच केलं.

हे तुला का लिहिते आहे ते मला धड कळत नाही. लिहिलंच आहे तर पाठवते.

तू लग्न केलंस हे केरबानं सांगितलं. विद्याश्रीला माझा आशीर्वाद. तिला पाहण्याची इच्छा आहे, ओढून आणायची नाही.

वैनी


मंगळवार पेठ
१९ नोव्हेंबर २००६

चि. अमरेश,

विद्याश्रीचं कार्ड आलं. तिच्यावर रागावू नकोस. मला तिनं कधी पाहिलेलं नाही, तरी चौथी ओळ 'अक्का' म्हणून सुरू केली आहे. तिनं लिहिलं आहे की तू दोन वर्षांपूर्वी जाड टायरांची सायकल घेतलीस, पहाटे उठून जातोस आणि कपडे मातीनं भरवून येतोस. दांडेलीच्या जंगलात शर्यत झाली त्यात तू नववा आलास आणि घरी येऊन कुणाला सांगितलं नाहीस. बॅगेत कागद सापडला म्हणून तिला कळलं.

आणखी एक लिहिलं आहे. रविवारी तू तलावावर जातोस. गळ्याइतक्या पाण्यात जाऊन उभा राहतोस. बराच वेळ उभा राहतोस आणि अंग न भिजल्यासारखा परत येतोस. तिनं मला विचारलं आहे, "अक्का, ह्यांना पोहायला येत नाही का?"

अमरेश, ते वाचून मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि आत बसले. पंचगंगेला पूर असताना पुलाखालून पलीकडं जाणारा तू.

त्याच आठवड्यात केरबा आला. आता त्याचं पोट सुटलं आहे, वडणग्यात चार म्हशी आहेत, पण तोंड तेच. म्हणाला, "वैनी, मंडळाची पोरं आपली शर्यत परत काढाय लागल्यात. नदी, पाणंद, जोतिबाचा डोंगर, समदं तेच. फकस्त आता त्येला ट्रायथलॉन म्हणत्यात. आमी नुसतंच मरायला जात हुतो, आता फारम भरून जायाचं."

मी विचारलं, "तू उतरणार?"

"मी उतरलो तर नदीचं पाणी वर यील. अमऱ्याला बोलवा की. तिशीच्या वरच्यांचा वेगळा गट हाय. गडी अजून तयार हाय म्हणं."

मी वाचनालयात जाऊन क्रीडा मासिकं काढायला लावली. ट्रायथलॉनवर एक लेख सापडला. त्यात लिहिलं होतं की पाण्यातून बाहेर येऊन सायकलवर बसेपर्यंत जो वेळ जातो तोसुद्धा धरतात, आणि पुष्कळ शर्यती तिथंच हरतात. मी तो अंक तिथंच मिटून परत दिला.

शर्यत २१ जानेवारीला आहे, रविवार. फॉर्म सोबत घातला आहे. ये म्हणण्याचा मला काय हक्क आहे ते मी जाणते. तरी ये.

वैनी


मंगळवार पेठ
१७ डिसेंबर २००६

चि. अमरेश,

तुझं उत्तर मिळालं. दहा वर्षांत तुझं अक्षर बदललेलं नाही. चारच ओळी आहेत. "वैनी, सायकल चालवतो तेव्हा काही आठवत नाही म्हणून चालवतो. पाण्यात उतरलो की गळ्याकडं हात जातो. अण्णा माझ्या विसरण्यानं गेला. त्या नदीत मी उतरणार नाही."

तुझ्या पत्राला आज अकरा दिवस झाले. मी रोज कागद घेते आणि ठेवून देते. आज सगळं लिहिणार आहे. लिहून झाल्यावर वाचणार नाही, वाचलं तर पाठवणार नाही.

त्या दिवशी घाटावर आम्ही दोघं होतो हे तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही, कारण तू सायकलवर बसून गेला होतास.

तू पाण्यातून चौथा बाहेर आलास. पुढचे तिघे सायकली धरून पळत होते. तुझ्या अण्णानं हाक मारली, पण ढोल वाजत होता आणि तू पळत सुटलास. विसरलास हे खरं. त्यात तुझा एवढाच दोष, आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी पुढं तिघं दिसत असताना कोण विसरणार नाही.

हे हसले. दोन्ही डब्या छातीवर सारख्या करत पायरीवर बसले. म्हणाले, "जाऊ दे तिकडं. डोंगरावरनं आल्यावर घालंल. माझ्या अंगावर हाय न्हवं, उघडं कुठं पडलंय?" आणि डबा उघडून शेंगदाण्याचा लाडू हातात घेतला.

म्हणजे ते जाणार नव्हते. हे वाक्य मी दहा वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. तुझा अण्णा तुझ्या मागं जाणार नव्हता. तो बसला होता.

उठवलं मी.

मला भीती वाटली. आदल्या महिन्यात त्याच पाणंदीत तू पडला होतास, कोपर सोललं होतं. लिंग अंगावर नाही आणि तू तिथून वेगानं जाणार, हेच डोक्यात फिरत होतं. भीती होतीच, रागही होता. तुमच्या दोघांच्या त्या गुपिताचा मला कंटाळा आला होता. पोहून घरी आलात की अव्वा मला विचारायच्या, लिंग सांभाळलं न्हवं त्यानं, आणि खोटं मला बोलावं लागायचं. मी म्हणाले, "तुम्ही भाऊ भाऊ एक. तो पडला-बिडला तर अव्वांच्या पुढं उभं मी राहायचं."

हे म्हणाले, "तू लई भेतीस, शिवलीला."

मी म्हणाले, "भेते तर भेते. जा आणि देऊन या. पाणंद केर्लीजवळ वर येते, तिथं गाठा."

"लाडू तरी खाऊ दे."

"लाडू नंतर खा," मी म्हणाले.

यांनी लाडू डब्यात ठेवला. एक बाजू चावलेली होती. एम-एटी गाडीला दोन लाथा मारल्या आणि पुलावरून गेले. माझं आणि यांचं शेवटचं बोलणं ते.

तू तिकडं डोंगरावर दुसरा आलास आणि बक्षीस न घेता देवळाच्या पायरीशी बसून राहिलास. केरबा सांगतो, तुला विचारलं तर म्हणत होतास, "अण्णा येऊ दे, माझं लिंग त्याच्याकडं आहे."

मग घर. अव्वांनी विचारलं, ही दुसरी डबी कुणाची. तुझा मोकळा गळा सगळ्यांनी बघितला. अव्वा बोलल्या आणि तू माझ्याकडं बघितलंस. मी काही सांगेन म्हणून बघितलंस. मी मान खाली घातली. नवरा गेलेल्या बाईनं मान खाली घातली की लोक त्याला दुःख समजतात. दुःख होतंच, पण मान मी त्यासाठी घातली नव्हती. एक जण दोषी ठरला होता आणि ती मी नव्हते. तो क्षण गेला. मग दुसरा दिवस आला, मग तू गेलास, आणि मग सांगायचं ते इतकं जड झालं की उचलेना. अव्वांनी मरणाच्या आधी स्वतः विचारलं तेव्हासुद्धा मी त्यांना औषध पाजलं.

लोक म्हणतात, नशीब. मी पुष्कळ पुस्तकं वाचली. दर पुस्तकात या गोष्टीला कुठंतरी क्षमा आहे का ते बघत गेले. असली तरी ती पुस्तकातल्या माणसांची. मला तुझ्याकडून ती मागायची नाही. मला एवढंच हवं आहे की तू पाण्यात उभा राहशील तेव्हा गळ्याकडं जाणाऱ्या हातानं तुला खोटी गोष्ट सांगू नये.

तुझी डबी माझ्याकडं आहे. दुसऱ्याच्या लिंगाची पूजा करत नाहीत, मी करत नाही. पण रोज माझ्या लिंगाबरोबर त्याला पाणी घालते, भस्म लावते आणि नवा दोरा लागला की बदलते. आजवर सहा दोरे झाले. तिकडं तू गुरूकडून दुसरं घेतलं असशील तर हे मी मठातल्या अय्यांच्या हाती देईन. घेतलं नसशील तर ते तुझं आहे.

आता हे पाकीट बंद करते आणि स्वतः पेटीत टाकून येते.

शिवलीला


मंगळवार पेठ
२४ जानेवारी २००७

चि. अमरेश,

तू परवा सकाळच्या गाडीनं गेलास. घरी आला नाहीस, केरबाकडंच राहिलास, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. घाटावर तू मला विचारलंस, "वैनी, तू इथंच बसली होतीस?" आणि मी "इथंच" एवढंच म्हणाले. समोर माणसं होती. मधे काय झालं ते तुला कळायला हवं म्हणून लिहिते.

महिनाभर तुझं पत्र नव्हतं. मी धरून चालले होते की आता कधीच येणार नाही. रविवारी पहाटे तरी घाटावर गेले. डबी घेतली होती आणि डब्यात लाडू. सवयीनं केले की मुद्दाम, ते माहीत नाही.

केरबाच्या मागून तू पायऱ्या उतरून आलास. दंडावर नंबर लिहिलेला. कानाजवळ केस पिकले आहेत तुझे. "पत्र मिळालं," म्हणालास. मी डबी पुढं केली. तू दोरा बोटांत धरून बघितलास, कपाळाला लावलास, गळ्यात घातलास. मला वाटलं, झालं, माझं काम संपलं. तीन पायऱ्या खाली गेलास आणि परत आलास. डबी काढून माझ्या हातात दिलीस.

"धर वैनी," म्हणालास.

हातात किती वेळ धरणार. मी ती गळ्यात घातली, माझ्या डबीच्या शेजारी.

शिट्टी झाली. पंचवीस-तीस डोकी पाण्यात होती, तुझं मला ओळखू येईना. पोरं सगळी पिवळ्या टोप्या घातलेली. केरबा सांगत होता, "त्यो बगा, डावीकडं, हात कसा पडतोय बगा, म्हातारा झाला तरी हात त्योच." मी बघितलं. तू गळ्याइतक्या पाण्यात थांबला नव्हतास.

पाण्यातून बाहेर आलास तेव्हा तुझ्या पुढं बरेच होते. माझ्यापासून दहा हातांवरून गेलास. टॉवेल तोंडावरून फिरवून पायरीवर टाकलास, बूट घातलेस, सायकल उचललीस. मी डबीवर हात ठेवून उभी होते. तू वळला नाहीस. पुलावर चढलास आणि दिसेनासा झालास.

केरबा उठून उभा राहिला. "वैनी, गडी तसाच गेला की. जीप काढू? केर्लीच्या फाट्याला गाठतो."

अमरेश, माझ्या तोंडात तेच शब्द आले होते. जा आणि देऊन ये. जिभेवर होते. दहा वर्षं रोज ज्यांच्यासाठी स्वतःला बोल लावला तेच शब्द, आणि भीतीसुद्धा तीच, तसूभर कमी झालेली नाही.

"बस," मी म्हणाले.

"अवो पर वैनी..."

"केरबा, खाली बस. लाडू खा."

तो बसला. लाडू हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं खाल्ला. मीही एक घेतला. त्या दिवसापासून मी शेंगदाण्याचा लाडू तोंडात घातला नव्हता.

मग आम्ही बसून राहिलो. ऊन पायऱ्यांवर आलं. बायका धुणं घेऊन आल्या, आपटून गेल्या. पुलावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते, मोठ्यानं गाणी लावलेले, आणि दर ट्रॅक्टरला माझी मान वर जात होती. तासाभरानं केरबा म्हणाला, "वैनी, बगू नगासा तिकडं." मी तोंड नदीकडं केलं. पाणी बघत राहिले. एकदा त्याचा फोन वाजला तेव्हा मी डबी मुठीत धरली. म्हैस व्यायला झाली होती म्हणून बायकोनं केला होता. त्यानं तिला सांगितलं, "आज न्हाय यीत. वैनींनी बसवून ठिवलंय मला."

बाकी काही घडलं नाही. सांगण्यासारखं एवढंच आहे की काही घडलं नाही. तुझं लिंग माझ्या अंगावर होतं, उघडं पडलं नव्हतं. तू डोंगरात होतास. कुणी कुणाच्या मागं गेलं नाही. त्या दिवशी एवढंच करायचं होतं. यांना ते कळलं होतं, म्हणून ते पायरीवर बसले होते. मला कळायला दहा वर्षं लागली आणि करायला साडेचार तास.

तू मंडळाच्या टेंपोतून उतरलास तेव्हा बारा वाजून गेले होते. गुडघ्यापर्यंत माती. विचारायच्या आधीच म्हणालास, "एकविसावा." केरबा म्हणाला, "म्हंजी खालनं कितवा?" तू हसलास. तुझं हसणं यांच्यासारखं आहे हे मी विसरले होते.

मग मला विचारलंस ते विचारलंस, मी सांगितलं ते सांगितलं, आणि तू मान वाकवलीस. मी डबी काढून तुझ्या गळ्यात घातली. दोरा कानाला अडकला, तू तसाच वाकून राहिलास.

तू पाण्यातून निघताना विसरलास, की मुद्दाम माझ्याकडं ठेवून गेलास, हे मी विचारलं नाही. विचारणार नाही.

तुझा टॉवेल घाटावर राहिला होता. केरबानं तो माझ्याकडं आणून दिला. धुऊन, घडी करून देवघराखालच्या फडताळात ठेवला आहे. टपालानं पाठवणार नाही.

तुझी,
वैनी